भावाच्या लग्नाआधी ‘मी कोण’ हे ठरवायलाच हवं का?

पत्र, थोडक्यात: वय २६. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावातून नोकरीसाठी पुण्यात येऊन चार वर्षं झाली. जन्माने मुलगी. कॉलेजपासून केस बारीक, अंगात शर्ट-पँट. दोन वर्षांपासून एका मुलीबरोबर नात्यात आहे, आम्ही एकत्र राहतो. ग्रुपमधले तरुण मित्र म्हणतात, ‘तू ट्रान्स मॅनच (जन्माने मुलगी ठरवलेला, पण पुरुष) आहेस, मान्य करायला घाबरतोस. बोलतोसही मी येतो, मी जातो.’ ग्रुपमधली एक थोरली ताई म्हणते, ‘पुरुषी राहणाऱ्या बायका आता उरल्याच नाहीत, तू तरी जाऊ नकोस.’ जोडीदार म्हणते, ‘मला बायका आवडतात. तू पुरुष झालास तर मी कोण?’ छाती नकोशी वाटते. ऑफिसला जाताना क्रेप बँडेज गुंडाळतो, रात्री आल्यावर सोडतो. जिमचा ट्रेनर टेस्टोस्टेरॉनचं (पुरुषी हार्मोनचं) इंजेक्शन देतो म्हणाला आहे. रडणं, तिला माझ्या अंगाला हात लावू देणं, हॉटेलचं बिल तिला भरू देणं जमत नाही. पुरुषासारखं राहायचं तर असंच राहावं लागतं असं वाटतं. वैशाखात भावाचं लग्न आहे, आई साडी नेस म्हणते. त्याआधी एकदाच ठरवायचंय: मी पुरुष आहे की पुरुषी बाई? (हल्ली श्वास घेताना बरगड्या दुखतात.)

उत्तर:

तुमच्या पत्रातली सगळ्यात तातडीची गोष्ट तुम्ही शेवटी कंसात टाकली आहे. बरगड्यांचं आधी बघू. बाकीचे प्रश्न मोठे आहेत, पण ते थांबू शकतात.

क्रेप बँडेज मुरगळलेला घोटा किंवा गुडघा धरून ठेवण्यासाठी असतं. छाती दिवसभर फुगते आणि बसते, आणि बँडेज त्या हालचालीला जागा देत नाही. चालता-बोलता ते सरकतं, कडा गुंडाळल्या जातात आणि सगळा दाब एका अरुंद पट्ट्यात येतो. श्वास वरवरचा होतो, बरगड्यांमधले स्नायू आखडतात, आणि असंच चालत राहिलं तर बरगडीलाही इजा होऊ शकते. चिकटपट्टी किंवा प्लास्टिक फिल्म गुंडाळणं याहून वाईट. तेव्हा बँडेज आजच बंद करा. दोन-तीन दिवसांत डॉक्टरांना दाखवा आणि ‘मी रोज इतके तास छाती घट्ट बांधतो’ हे स्पष्ट सांगा. हे लपवलंत तर डॉक्टर ॲसिडिटी किंवा नुसता स्नायूचा ताण समजून गोळ्या देतील आणि मूळ कारण तसंच राहील. धाप लागत असेल, दीर्घ श्वासाला तीव्र कळ येत असेल किंवा हाताला मुंग्या येत असतील तर उद्यावर ढकलू नका.

दुखणं पूर्ण थांबेपर्यंत काहीही बांधू नका. त्यानंतर बांधायचंच असेल तर बाइंडर, म्हणजे छाती सपाट दिसावी म्हणूनच शिवलेला घट्ट बनियन, घ्या. माप घेताना आत काही न घालता सरळ उभं राहा, श्वास नेहमीसारखा घ्या, आणि तीन मापं लिहा: छातीच्या सगळ्यात भरलेल्या भागाचा घेर, छातीच्या लगेच खालचा घेर आणि एका खांद्याच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंतची रुंदी. विकणाऱ्याच्या तक्त्यात माप दोन साइझच्या मधे पडलं तर मोठा घ्या. ‘एक साइझ लहान घेतला की जास्त सपाट’ हा सल्ला हमखास ऐकायला मिळेल. त्याच सल्ल्याने लोक दवाखान्यात पोचतात. पहिले काही दिवस दोन-तीन तासच घाला. पुढेही आठ तासांच्या वर नाही. झोपताना, व्यायाम करताना, सर्दी-खोकल्यात अजिबात नाही. काढल्यावर हात वर ताणून चार-पाच दीर्घ श्वास घ्या आणि मुद्दाम एकदोनदा खोका.

तासांइतकंच महत्त्व सुट्टीच्या दिवसांना आहे. छाती बांधणाऱ्या १,८०० जणांची एक पाहणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातल्या ९७ टक्के लोकांना पाठदुखीपासून खाजेपर्यंत काही ना काही त्रास झालेला होता, आणि त्रासाचा सगळ्यात ठळक संबंध आठवड्यातून किती दिवस बांधतो याच्याशी निघाला. तुमची नोकरी आणि येण्याजाण्याचा वेळ धरला तर रोज आठ तासांत बसणं अवघड दिसतं. म्हणून शनिवार-रविवार आणि घरून कामाचे दिवस पूर्ण मोकळे ठेवा. ऑफिसच्या दिवशी गर्दीच्या बसमध्ये साधी स्पोर्ट्स ब्रा आणि वर जाड शर्ट चालतो का बघा, बाइंडर ऑफिसात पोचल्यावर घाला. उन्हाळ्यात आत पातळ सुती बनियन हवंच. दोन बाइंडर आलटून पालटून वापरा, हाताने धुवा, सावलीत वाळवा. घामाने गोल, कडेला लाल, खाजरा चट्टा उठला तर ते बहुधा गजकर्ण असतं. मेडिकलवाला जी मलमं हातात ठेवतो त्यातल्या बऱ्याच मलमांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं. त्याने खाज दोन दिवसांत थांबते आणि बुरशी मात्र पसरत जाते, म्हणून त्वचारोगतज्ज्ञांनाच दाखवा.

कपड्यांनीही पुष्कळ साधतं. गडद रंग, अंगाला न चिकटणारं कापड, दोन्ही बाजूंना झाकणाचे खिसे असलेला शर्ट, किंवा टी-शर्टवर उघडा शर्ट. तयार पुरुषी शर्ट कमरेला बसतो तेव्हा खांदा लोंबतो आणि खांदा बसतो तेव्हा खालची बटणं ताणतात, ही तक्रार अनेकांची असते. खांदा दुरुस्त करणं किचकट काम आहे. त्यापेक्षा शिवून घेणं बरं. ५८ इंच पन्ह्याचं कापड असेल तर शर्टाला साधारण १.६० मीटर लागतं. टेलरला ‘टक्स न घेता, सरळ कट, जेंट्स पॅटर्न’ एवढं सांगितलं की पुरतं, कारण सांगायची गरज नाही.

ट्रेनरचं इंजेक्शन घेऊ नका. यात दुसरी बाजू नाही. शरीर कमावण्यासाठी दिला जाणारा डोस वेगळ्या हेतूचा असतो. औषध कुठून आलं आणि खरं आहे का हे कळायला मार्ग नसतो, सुई स्वच्छ आहे का तेही नाही. टेस्टोस्टेरॉनने रक्त दाट होऊ शकतं, म्हणून सुरू करण्याआधी हिमोग्लोबिन आणि हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण), यकृत, कोलेस्टेरॉल, रक्तदाब तपासतात आणि पहिल्या वर्षात साधारण दर तीन महिन्यांनी परत बघतात. ट्रेनर यातलं काहीच करणार नाही. शिवाय आवाज काही महिन्यांत खाली येऊ लागतो, आणि तो आला की औषध थांबवूनही परत जात नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. तुम्ही तो एक प्रश्न म्हणून विचारलात, पण पत्र वाचताना त्यात चार दिसतात. कसं राहायचं, म्हणजे कपडे, केस, चाल. मी कोण आहे. मला कोण आवडतं. आणि या शरीराचं काय करायचं. तुमच्या मित्रांनी पहिल्याचं उत्तर दुसऱ्यावर लादलं आहे, जोडीदाराने दुसऱ्याचं तिसऱ्यावर, आणि ट्रेनर तर थेट चौथ्यावर पोचला आहे. ही चारही उत्तरं एकमेकांपासून सुटी असू शकतात. शर्ट-पँट घालणारी, बारीक केसांची, बायकांवर प्रेम करणारी आणि स्वतःला पूर्णपणे बाई मानणारी माणसं आहेत. तशीच दिसणारी आणि स्वतःला पुरुष मानणारी आहेत. यातलं कुठलंच नाव न लावणारीही आहेत. छाती नको पण टेस्टोस्टेरॉनही नको असं म्हणणारे आहेत, आणि पुरुष म्हणून जगत असूनही शरीराला हात न लावणारे आहेत.

‘येतो-जातो’वरून मित्रांनी पुरावा काढला, तो तर कोल्हापुरात एक दिवसही टिकणार नाही. तुमच्याकडे आई, आजी, शेजारची काकू सगळ्याच ‘मी येतो’, ‘मी जेवलो’ म्हणतात. पण याच्यात तुमच्यासाठी एक उपयोगाची गोष्ट आहे. गावी असताना हे क्रियापद तुमच्याकडे आपोआप आलेलं होतं. पुण्यात आल्यावर आजूबाजूला सगळ्या मुली ‘येते-जाते’ म्हणत असताना तुम्ही ते बदललं नाही, ते सवयीने की मुद्दाम? कोणी टोकून ‘येते म्हण’ असं सांगितलं तर चिडचिड गावच्या बोलीसाठी होते की आणखी कशासाठी? स्वतःला विचारून बघा.

असे आणखी दोन-तीन प्रश्न. पहिला: घरात कोणी नसताना, कोणी बघणार नसताना अंघोळीच्या वेळी छाती तितकीच खुपते, की बाहेर कोणाची नजर गेल्यावर खुपते? दुसरा: भावाला मूल झाल्यावर ते तुम्हाला आत्या म्हणेल हे डोळ्यांसमोर आणा, मग काका म्हणेल हे आणा. साठीतलं स्वतःचं रूप आणा, म्हातारी की म्हातारा. लगेच काय वाटतं ते लिहून ठेवा, महिन्याने पुन्हा लिहा. तिसरं करून बघण्यासारखं आहे: विश्वासाच्या एकाच माणसाला तीन-चार आठवडे तुम्हाला पुरुषी नावाने आणि ‘तो’ म्हणून हाक मारायला सांगा. काही जणांना त्यात सुटल्यासारखं वाटतं, काहींना नाटक केल्यासारखं, काहींना पहिले आठ दिवस मजा आणि मग काहीच नाही. यातलं कुठलंही उत्तर निकाल म्हणून घेऊ नका; पुष्कळ पुरुषी बायकांनाही छाती नकोशी वाटते, आणि सगळ्याच ट्रान्स पुरुषांना ती सारखीच खुपते असं नाही. पण तीन-चार महिन्यांच्या नोंदी समोर असल्या की समुपदेशकाशी बोलणं फार सोपं होतं. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या ‘आयकॉल’ हेल्पलाइनपासून सुरुवात करता येते.

तुमच्या ग्रुपमधल्या त्या दोघांच्या बोलण्याबद्दल. तरुण मित्रांना वाटतं तुम्ही घाबरून अडकला आहात आणि त्यांना तुम्हाला सोडवायचंय. ताईला वाटतं आपल्यासारख्या बायका संपत चालल्यात. दोघांचीही कळकळ खरी असेल. ताईच्या बोलण्यामागे तर इतिहास आहे: अमेरिकेत १९४०-५० च्या दशकांत कामगार वस्त्यांतल्या बारमध्ये जमणाऱ्या ‘बुच’, म्हणजे पुरुषी राहणाऱ्या, बायकांनी पुरुषी कपड्यांसाठी पोलिसांचा मार खाल्ला, थायलंडमध्ये ‘टॉम’ (पुरुषी राहणारी बाई) आणि ‘डी’ (तिची बायकी राहणारी जोडीदार) ही जोडीची ओळख कित्येक वर्षं रुळलेली आहे, आणि आपल्याकडेही मुंबईत १९९५ मध्ये ‘स्त्री संगम’ नावाने सुरू झालेला आणि पुढे ‘लेबिया’ झालेला गट तेव्हापासून याच माणसांबरोबर काम करतो. या गटाने जन्माने मुलगी ठरवलेल्या ५० जणांच्या सविस्तर मुलाखती घेऊन २०१३ मध्ये अभ्यास मांडला. त्यात स्वतःला बाई म्हणणारे, पुरुष म्हणणारे आणि दोन्ही न म्हणणारे असे सगळे होते. म्हणजे ताई आणि तुमचे मित्र एकाच अंगणात आहेत. तुम्ही कुठल्याही बाजूला गेलात तरी कोणाचा अपमान होत नाही आणि कोणाची संख्या वाढवण्याची जबाबदारी तुमच्यावर नाही. ‘अजून बघतोय’ हे वाक्य त्यांना सांगा आणि विषय बदला. पुन्हा पुन्हा तेच झालं तर काही दिवस ग्रुपपासून लांब राहा.

पत्रातली एक ओळ वाचून मात्र थांबावं लागलं: पुरुषासारखं राहायचं तर असंच राहावं लागतं. न रडणं, बिल आपणच भरणं, हात न लावू देणं. हे तुम्हाला कोणी शिकवलं? बहुतेक तुम्ही लहानपणापासून घरातल्या, गावातल्या पुरुषांना बघत आला आहात, आणि आपलं पुरुषीपण कोणी खोटं ठरवू नये म्हणून त्यांच्याहून कडक नियम स्वतःला लावले आहेत. पुरुषी बायकांमध्ये आणि ट्रान्स पुरुषांमध्ये हे फार दिसतं. त्याची किंमत पहिल्यांदा जोडीदार मोजते. बिलाचं सोपं आहे, पुढच्या महिन्यापासून निम्मं-निम्मं करा. रडण्याचं हळूहळू. हात लावू न देण्याचं मात्र दोन अंगांनी बघायला हवं. कारण शरीराची अस्वस्थता असेल तर ती तुमची मर्यादा आहे आणि ती पाळली गेलीच पाहिजे, त्यात काहीही चूक नाही. कारण ‘पुरुषाने मऊ पडायचं नसतं’ एवढंच असेल तर तुम्ही स्वतःला माया नाकारताय. तिच्याशी बोलताना शरीराचे भाग वेगवेगळे करा: पाठ, केस, हात चालतात, छाती नाही, टी-शर्ट अंगात असेल तर चालेल का. असं नेमकं बोललं की तिलाही ‘मी नकोशी आहे’ असं वाटायचं थांबतं.

तिचा प्रश्नही खरा आहे. तुम्ही पुरुष म्हणून जगायचं ठरवलंत तर ती स्वतःला काय म्हणेल, हे तिचं तिने ठरवायचं. काही जोडपी पुढे एकत्र राहतात आणि जोडीदार स्वतःची ओळख तशीच ठेवते, काहींना वेगळं व्हावं लागतं, आणि त्यात कोणी कोणाला फसवलेलं नसतं. पण आज ती एका न झालेल्या निर्णयाला घाबरते आहे. तिला सांगा की पुढचे सहा महिने तुम्ही शरीरावर कायमचा कुठलाही निर्णय घेणार नाही, आणि घ्यायचा झाला तर तिला आधी कळेल. ‘तू पुरुष झालास की कायदेशीर लग्न तरी करता येईल’ असं कोणी सुचवलं तर त्यासाठी शरीर बदलू नका. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली हे खरं, पण विवाह नोंदणी हे टेस्टोस्टेरॉन घेण्याचं कारण होऊ शकत नाही.

पुढे कधी वैद्यकीय वाट धरावीशी वाटली तर क्रम असा असतो: आधी या विषयाची माहिती असलेले मानसोपचारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञ, मग त्यांचं पत्र घेऊन एंडोक्रायनोलॉजिस्ट (हार्मोनचे डॉक्टर), तपासण्या, आणि मग औषध. ही तपासणी वेड ठरवण्यासाठी नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात लिंगओळखीतली विसंगती मानसिक आजारांच्या यादीत नाही. टेस्टोस्टेरॉनने मासिक पाळी बहुतेकांची सहा महिन्यांच्या आसपास थांबते, दाढी-मिशी हळूहळू येते आणि राहते, मुरुम येतात, घराण्यात टक्कल असेल तर तेही येऊ शकतं. स्नायू आणि चरबीतला बदल औषध थांबवल्यावर बराच मागे फिरतो. छाती मात्र त्याने सपाट होत नाही, त्यासाठी शस्त्रक्रियाच लागते, आणि ती टेस्टोस्टेरॉन न घेताही करता येते. तुमची मुख्य तक्रार छातीची आहे, म्हणून हे नीट लक्षात ठेवा. मूल हवं असण्याची थोडीही शक्यता असेल तर औषधाआधी बीजांडं गोठवण्याबद्दल विचारा. पाळी थांबली म्हणजे गर्भधारणा अशक्य झाली असं होत नाही, हेही बऱ्याच जणांना माहीत नसतं.

कागदपत्रांची घाई नको. १५ एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने लिंगओळख ज्याची त्याने ठरवायची आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालणं बेकायदा आहे असं म्हटलं, आणि २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याने लिंगओळखीसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या प्रमाणपत्राची पद्धत आणली. मात्र कायदे आणि नियम बदलतात. अर्ज करायच्या वेळी वकिलाकडून तेव्हाचा नियम तपासून घ्या, जुन्या व्हिडिओवर विसंबू नका.

राहिलं लग्न. त्या तारखेपर्यंत तुम्हाला एकच गोष्ट ठरवायची आहे: अंगावर काय घालायचं. आईशी हळदीच्या दिवशी वाद घालण्यापेक्षा निदान दीड महिना आधी बोला, आणि ‘साडी नेसणार नाही’वर थांबू नका, पर्याय पुढे ठेवा. गुडघ्यापर्यंतचा सरळ कटचा कुर्ता, वर नेहरू जॅकेट, खाली चुडीदार किंवा सरळ पँट. कुर्त्याचं कापड आणि रंग आईला निवडू द्या, तिच्या साडीला जुळणारा घेतलात तर फोटोत तुम्ही घरचेच दिसाल, आणि तिला तेच हवं असतं. जॅकेटमुळे छातीही झाकली जाते, त्यामुळे वैशाखाच्या उकाड्यात बाइंडर लागणारच नाही. आई अडून बसली तर सकाळच्या विधीला साधा सलवार-कुर्ता आणि संध्याकाळी जॅकेट अशी तडजोड करायची की नाही, हे तुमच्या मनाने ठरवा. साडी नेसून दिवसभर जीव गुदमरणार असेल तर नेसू नका. जिला ते फक्त नावडतं आणि आईसाठी दोन तास चालतं, तिने किंवा त्याने नेसलं तर ओळख खोटी ठरत नाही.

लग्नघरात ‘मी कोण’ हे जाहीर करू नका. जोडीदाराला न्यायचं असेल तर मैत्रीण म्हणून न्या, तिला आधी विचारून. आणि घरच्यांचा स्वभाव अडवून ठेवण्याचा असेल तर जाण्याआधी एवढं करून ठेवा: आधार, पॅन, मार्कशीट यांच्या मूळ प्रती पुण्यातच राहू द्या, बँक खातं आणि त्याचा मोबाइल नंबर फक्त तुमच्या हातात असू दे, परतीचं तिकीट आधी काढा, आणि एका मित्राला रोज रात्री एक मेसेज ठरवून ठेवा. कोणी पोलिसांची धमकी दिली तर घाबरू नका. ६ सप्टेंबर २०१८ पासून दोन सज्ञान व्यक्तींचं संमतीचं समलिंगी नातं गुन्हा नाही. ‘डॉक्टरकडे नेऊन बरं करू’ म्हणणाऱ्यांना सांगा की अशा ‘उपचारां’ना राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे. घर सोडून पुण्याला परत यावं लागलं आणि घरच्यांनी बेपत्ता असल्याची तक्रार दिली, तर लपू नका. वकील किंवा संस्थेच्या कार्यकर्त्याला सोबत घेऊन जवळच्या पोलीस ठाण्यात ‘मी सज्ञान आहे आणि स्वतःच्या मर्जीने इथे राहतो’ असा लेखी जबाब द्या आणि त्याची शिक्का मारलेली प्रत मागून घ्या.